साडेआठला दिवा बंद

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी गणपती झाल्यावर तिच्या वर्गशिक्षिकेने मला शाळेत बोलावून घेतलं. मी अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले, आणि खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच गेले. बोरिवलीला एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसते मी. सिलिंडर का आला नाही म्हणून दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, आणि मीही काही मुकाट ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण बाईंनी मुलीची वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि मी भांडण विसरून पानं उलटायला लागले.

सीनियर केजीत या पोरीची सगळी अक्षरं पाठ होती. दुकानांच्या पाट्या वाचत चालायची, म्हणून बाजारातून घरी यायला आम्हाला दुप्पट वेळ लागायचा. आता त्या वहीत अर्धे शब्द अर्धवटच सोडलेले होते. काही अक्षरं उलटी होती, काही रेघेखाली घसरलेली. "काल शिकवलेलं आज आठवत नाही तिला," बाई म्हणाल्या. "गोष्ट सांगायला घेतली तर दोन मिनिटं एका जागी बसत नाही. परवा मधल्या सुट्टीत एका मुलाला चावली. एकदा डॉक्टरांकडून टेस्ट करून घ्या ना. दिवाळीनंतरही असंच राहिलं, तर तिला मागे पडणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवावं लागेल."

मी घाबरले. माझ्या मुलीच्या डोक्यात काही बिघडलंय का, हा एकच प्रश्न शाळेच्या गेटपासून दहिसरच्या आमच्या बिल्डिंगपर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

घरी आम्ही चौघं. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. पूर्वी त्याच जागी चाळ होती, आता सातव्या मजल्यावर हॉल, एक खोली आणि किचन आहे. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. एरवी आपलं मुंबईचं मराठी बोलतात, पण चिडल्या किंवा गहिवरल्या की मालवणीवर येतात, मग मुलगा 'झील' होतो आणि नात 'चेडू'. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मीठ-मोहरी आणली आणि नातीची दृष्ट काढली. "नजर लागली गो," म्हणाल्या. "लय बडबड करायची ना चारचौघांत."

माझा नजरेवर विश्वास नाही, पण मी तरी काय मोठं शहाणपण केलं? बोरिवली स्टेशनजवळ भिंतीवर एक जाहिरात रोज दिसायची, मुलांच्या मेंदूचा विकास करणारा क्लास. स्मरणशक्ती, एकाग्रता, सगळं काही. दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव घातलं. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. शिवाय रोज पाच भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीचं सिरप. एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीला नेते. माझ्या माहेरी मला म्हणतात, ही हातात घेतलेला नारळ फुटल्याशिवाय खाली ठेवायची नाही. तर मी पोरीचा मेंदू वाढवायला घेतला.

ऑफिसमधून सुटायचं, धावत घरी जायचं, पोरीला उचलायचं, क्लासला न्यायचं, बाहेरच्या बाकावर दीड तास बसायचं. आत मण्यांची पाटी, रंगीत पत्ते, टाळ्या, घोषणा. एकदा काचेतून बघितलं तर ही टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेली. शिकवणाऱ्या मुलीने तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन मला वर सांगितलं, "मॅडम, संध्याकाळी झोपू देऊ नका हं. ब्रेन अ‍ॅक्टिव्ह राहायला पाहिजे." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही राग येतो.

दीड महिना मी हे चालवलं. पोर आणखी बिघडली. सकाळी युनिफॉर्म घालताना बुटाच्या लेसवरून रडायची. संध्याकाळी सोफ्यावरून उड्या मारायची. आजीचा चष्मा तोडला. शाळेतून दुसरी चिठ्ठी आली. एक दिवस तिला विचारलं, आज डब्यात काय होतं, तर तेही सांगता येईना. डबा मीच भरला होता, थालीपीठ होतं, तिचं सगळ्यात आवडतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मी ढ आहे का?"

त्या संध्याकाळी क्लास गेला खड्ड्यात. मी तिला घेऊन तडक चेक नाक्याच्या अलीकडे लहान मुलांच्या डॉक्टर बसतात त्यांच्याकडे गेले.

या डॉक्टर म्हणजे एकदम सडेतोड बाई. पोरीचं वजन केलं, उंची मोजली, कान बघितले, घसा बघितला, डोळे तपासले. झोपेत घोरते का विचारलं. मी म्हटलं नाही. रक्त तपासायला दिलं, त्याचा रिपोर्टही पुढे दोन दिवसांनी ठीकच आला. "दिसायला तरी मुलगी ठणठणीत आहे," त्या तिथेच म्हणाल्या. मग पेन उघडून विचारलं, "झोपते किती वाजता?"

"पावणेबारा. कधी बारा."

"उठते?"

"पावणेसहाला. शाळा सकाळची आहे ना आता. पण तिला सवय झालीय हो, अजिबात दमत नाही." हे मी कौतुकाने सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सीनियर केजीची शाळा कधी होती?"

"दुपारची."

"म्हणजे तेव्हा नऊपर्यंत झोपत असेल."

असेल काय, झोपायचीच. शाळेची पाळी बदलली, उठायची वेळ तीन तास अलीकडे आली, आणि झोपायची वेळ आमच्या घरात कुणी हलवलीच नाही. एवढं साधं गणित. पंधरा जणांचे बुकिंग नंबर तोंडपाठ असणाऱ्या मला ते सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "या वयात मेंदूचं बांधकाम अजून चालू असतं. दिवसभर मूल जे बघतं, ऐकतं, शिकतं, ते मेंदूत येऊन पडतं. झोपेत त्याची लावालाव होते. लागणारं पक्कं होतं, नको ते काढून टाकलं जातं. तुम्ही तिला सहा तासांत उठवता. तिला नऊ तास तरी पाहिजेत." मला आमचा रविवारचा बाजार आठवला. सगळ्या पिशव्या ओट्यावर ओतायच्या आणि डबे न भरताच सोमवारी आणखी पिशव्या आणायच्या. मी तर वरून क्लासची पिशवीसुद्धा ओतत होते.

"पण पेंगत नाही हो ती, उलट उड्या मारते," मी म्हटलं.

"मोठी माणसं पेंगतात. मुलं झोप अपुरी पडली की बरेचदा उड्या मारतात, चिडतात, चावतात. आईबापांना वाटतं पोरगी फ्रेश आहे."

"मेंदूला काही झालंय का, ते सांगा आधी."

"घाबरू नका. तीन महिने नीट झोप द्या, मग मी पुन्हा बघते. तरी अडलं तर टेस्ट करू, त्यात लाजायचं काही नाही. जादू होईल असं मी सांगत नाही. पण दोन दिवस करून सोडू नका. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ." आणि बाहेर पडताना मला थांबवून म्हणाल्या, "एक विचारू? इतक्या उशिरापर्यंत जागते कशासाठी?"

तीच तर मेख होती. ती बापासाठी जागायची.

नवरा मालाडला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मजला सांभाळतो. दुकान दहाला बंद होतं, त्याला घरी यायला अकरा वाजतात. शनिवार-रविवार तर दुकानात जत्राच. सुट्टी फक्त मंगळवारी, तेव्हाही पोरगी अर्धा दिवस शाळेत. आणि आमच्या घरची रीत अशी की बाप आल्याशिवाय मुलांनी झोपायचं नाही. ही रीत सासऱ्यांच्या वेळची. ते परळच्या गिरणीत होते, बरेचदा दुसरी पाळी, घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. सासूबाई तेव्हा झोपलेल्या मुलांना उठवून भिंतीला टेकवून बसवायच्या. सासरे हातपाय धुऊन ताटावर बसले की पहिला घास पोरांच्या तोंडात घालायचे. कालवणभाताचा. मग पोरं पुन्हा आडवी व्हायची. गिरणी गेली, सासरे गेले, रीत राहिली. नवराही अकरा वाजता येऊन ताटावर बसायचा, मुलगी त्याच्या मांडीला लागून बसायची, आणि पहिला घास तिचा. मग दिवसभराच्या गप्पा, मस्ती, गुदगुल्या. मलाही ते बघायला आवडायचं. म्हणून तर मी कधी बोलले नाही.

आता बोलले. त्याच रात्री सांगून टाकलं, "उद्यापासून हिचं जेवण साडेसातला. साडेआठला दिवा बंद."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "मग मी तिला बघू कधी?"

"तिचं डोकं महत्त्वाचं की तुझं बघणं?"

मी असं बोलायला नको होतं. तो काही वाईट बाप नाही, दिवसातला तेवढाच एक तास होता त्याचा. पण मला तेव्हा गोड शब्द सुचत नव्हते. सासूबाई किचनच्या दारातून म्हणाल्या, "बापूस येवच्या आधी चेडू निजला तर त्येका काय वाटतला? आमी पोरां वाढवली नाय काय?" आणि आत जाऊन भांडी आपटली. मी म्हटलं, आपटा. मला रोज काउंटरवर सिलिंडर आपटणारे भेटतात.

पहिला आठवडा म्हणजे नुसती वाट लागली. दिवा बंद केला की पोरगी डोळे टक्क उघडे ठेवून पडायची. पाणी पाहिजे, शू आली, पाय दुखतोय, गोष्ट सांग. हॉलमध्ये आजीची मालिका. मी टीव्ही बंद केला तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मोबाइल मी स्वतः कपाटात वर ठेवला, कारण आधी माझाच हात त्याच्याकडे जायचा. साडेदहापर्यंत ती चुळबुळत राही, जरा डोळा लागतो न लागतो तोच बेल वाजे, आणि ही "बाबा!" करून धावत बाहेर. नवरा तिला उचलून घेई आणि माझ्याकडे बघतसुद्धा नसे. चौथ्या दिवशी मी बेलची वायरच काढून ठेवली. दारातच त्याला म्हटलं, "तिला उचललंस तर मी आणि ती माहेरी जाऊन झोपू, मुलुंडला. तिथून शाळेला कसं आणायचं ते माझं मी बघीन." तो म्हणाला, "डोकं फिरलंय तुझं." म्हटलं, "हो, फिरलंय. एकीचं तरी जागेवर राहू दे."

नातेवाइकांनीही सोडलं नाही. चुलत नणंदेच्या मुलाच्या हळदीला आम्ही सात वाजता तोंड दाखवून निघालो, तर मागून एकजण बोललीच, "हिची पोर म्हणजे कोंबडी, दिवेलागणीला खुराड्यात." मी वळून म्हटलं, "कोंबडी पहाटे उठते तरी. तुमचा बाब्या दहाला उठतो." भांडण झालं. होऊ दे. खाली सोसायटीत नऊनंतर मुलं सायकली फिरवायची, त्यांचा दंगा सातव्या मजल्यावर यायचा. मी खिडक्या लावून घ्यायचे आणि उकाड्यात पंखा पाचवर. रोज तीच वेळ, तीच चादर, तीच एक गोष्ट, आणि गोष्ट संपली की मी बोलायची बंद. अंधारात तिच्या शेजारी पडून मी मनातल्या मनात म्हणायचे, तू किती हट्टी आहेस ते मला माहितीय बाई, पण तू कुणाची आहेस तेही मला माहितीय.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस गोष्टीतला राजा अजून घोड्यावर बसायचा होता आणि शेजारून श्वास संथ झाला. घड्याळात पावणेनऊ. मी पाच मिनिटं हललेसुद्धा नाही.

नवऱ्याचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. महिनाभर तो घरी येऊन एकटा जेवायचा. पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवायचा आणि शेवटी तसाच टाकून द्यायचा. मला वाईट वाटायचं, पण मी माघार घेतली नाही. शेवटी मीच त्याला म्हटलं, "तू पहाटे उठ ना रे." तो बारा-साडेबाराला झोपणारा माणूस, माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागला. पण एका बुधवारी साडेपाचला किचनमध्ये आवाज आला. बघते तर हा बनियनवर उभा, चहा उतू चाललेला, आणि पोरगी ओट्यावर बसून त्याला सांगतेय, "बाबा, आधी गॅस बारीक कर." ती स्वतःहून उठली होती. हाक नाही, रडणं नाही. त्याने पोहे केले, मीठ विसरला, पहिला घास तिच्या तोंडात घातला. तिने तोंड वाकडं केलं आणि मागून आणखी घेतला. मग तोच तिला शाळेत सोडायला गेला आणि परत येऊन नऊपर्यंत झोपला. तेव्हापासून रोजचं ठरून गेलं.

मुलगी एकदम हुशार झाली वगैरे काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, जादू नाही. अजूनही ती घाईत अक्षरं खाते. पण रडणं थांबलं, चावणं थांबलं, वही रेघेवर आली. जानेवारीत बाई गेटवर भेटल्या. म्हणाल्या, "आहे त्याच वर्गात राहू दे तिला. काल सांगितलेली गोष्ट आज तिने सगळ्या वर्गाला परत सांगितली. शेवट बदलून." मी "थँक्यू" म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, मी म्हटलं, भैया, तुम चलाओ.

त्याच रात्री नऊच्या सुमारास हे घरी सांगितलं. मुलगी झोपली होती. मी आणि सासूबाई हॉलमध्ये मेथी निवडत बसलो होतो. टीव्ही बंद होता, आता त्या स्वतःच साडेआठला बंद करत. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्या मेथीच्या काड्या तोडत बसल्या. मग म्हणाल्या, "तो पण असाच होता गो."

"कोण?"

"तुझा नवरा. सकाळची शाळा होती त्याची. वर्गात डुलक्या खायचा. मास्तर बाकावर उभं करायचे, उभ्या उभ्या झोपायचा. सगळे मठ्ठ म्हणायचे. मी पण म्हणायचे. आठवीत दोनदा बसला, मग शाळाच सोडली. यांच्याबरोबर त्याची मोठी भांडणं झाली घरात. पोर लहानपणी कसलं चुरचुरीत होतं, मग डोक्याला काय झालं, कुणाला कळलंच नाही." हात थांबले. "मध्यरात्री मिया उठवी त्येका. रोज. बापूस पोरांची तोंडां बघल्याशिवाय जेवायचो नाय म्हणान." माझ्याकडे बघितलं त्यांनी. "माझ्या झिलाची वाट मियाच लावलंय काय गो?"

गेल्या तीन महिन्यांत या बाईला सुनावायला माझ्याकडे कितीतरी वाक्यं जमली होती. भांडी आपटण्याची, अबोल्याची, "आमी पोरां वाढवली नाय काय" ची. सगळी तोंडावर होती. पण त्या तशाच बघत होत्या, हातात मेथीची काडी घेऊन, आणि माझ्याने ते झालं नाही.

"नाही आई," मी म्हटलं. "ते जागरणामुळेच झालं, असं आता कोण सांगणार? आणि तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय. मी ऐकलं नसतं तर ती माझी चूक ठरली असती."

त्यांनी मेथी बाजूला सारली. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. उठून फोन घेतला, चष्मा लावून मुलाचा नंबर शोधला. दुकानातला गोंगाट मला इथे ऐकू येत होता.

"झिला," त्या म्हणाल्या, "सावकाश ये. चेडू निजला. आणि इलंस की तूय लवकर निज."